माहेरची शंभर पानं

माझ्या मामाला झाडासमोरून सरळ निघून जाणं आयुष्यात कधी जमलेलं नाही. ओळखीचं माणूस भेटल्यावर आपण जसं थांबून "काय, बरं आहे ना?" विचारतो, तसा तो झाडापाशी थांबतो, खांद्याच्या उंचीवरचं एक पान दोन बोटांत धरतो, उलटं करून पाहतो आणि नुसता "हं" म्हणतो. या "हं"चे सहा-सात प्रकार आहेत. एकदा दाढ काढायला गेला असताना डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीतल्या कुंडीकडे पाहून त्याने त्यातला काळजीचा "हं" केला, आणि आत गेल्यावर तोंडात कापसाचे बोळे असताना डॉक्टरांना खुणा करून सांगायला लागला की तुमच्या झाडाला लोह कमी पडतंय. डॉक्टरांना वाटलं, दुखतंय. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

हा नुसता छंद नाही, त्यावर त्याचं पोट आहे. मामा पानं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेली एकतीस वर्षं नोकरी करतो. बागांचे मालक आपल्या झाडांची पानं तिथं आणून देतात. ती धुवायची, भट्टीत दोन दिवस वाळवायची, दळून त्यांचं पीठ करायचं आणि ते पीठ आतल्या खोलीत यंत्रापाशी बसणाऱ्या बाईंच्या हवाली करायचं, एवढं मामाचं काम. मग यंत्र सांगतं की झाडाच्या अंगात नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, लोह किती, झिंक किती. त्यावरून बाई कागद लिहून देतात की अमुक खत द्या, तमुक बंद करा. माणसाचं रक्त तपासतात तसं झाडाचं पान. मातीही तपासतात लोक, पण मामाला मातीचं फारसं कौतुक नाही. तो म्हणतो, डब्यात काय दिलं ते आईला विचारा. पोरानं खाल्लं काय, ते पोराच्या तोंडाकडे बघितल्यावर कळतं.

सगळी भानगड असते ती पान कुठलं आणायचं इथं. सांगून सांगून मामाच्या घशाला कोरड पडली, पण लोक आणायचं तेच आणतात. कुणी झाडावरचं सगळ्यात रोगट पान आणतो, म्हणजे बाईंना आपली दया यावी. कुणी सगळ्यात टवटवीत पान आणतो, कारण चारचौघांत आपल्या घराची शोभा कशाला करायची? एक गृहस्थ एकच पान रुमालात गुंडाळून घेऊन आले होते आणि म्हणाले, बाकीची पण अशीच आहेत. एकाने प्लॅस्टिकच्या पिशवीत शंभर पानं भरून ती तीन दिवस गाडीच्या डिकीत ठेवली. पिशवी उघडल्यावर बाई यंत्र सोडून बाहेर अंगणात गेल्या त्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत आल्याच नाहीत.

शेवटी मामाने स्वतःच्या पैशाने निळा रंग आणला आणि दारासमोरच्या भिंतीवर आपल्या हाताने चार नियम रंगवले. अक्षर त्याचं मुळातच मोत्यासारखं, पण मोती थोडे घरंगळलेले. पहिला नियम, पान कोवळं नको आणि जूनही नको. दुसरा, फळ लागलेल्या फांदीचं नको. तिसरा, कागदी पिशवीत आणावं. आणि चौथा, ज्याच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या: नमुना घरी धुऊ नये. या चौथ्यावर मामा फार कडक होता. घरी कोण कशाने धुईल त्याचा नेम नाही, असं त्याचं म्हणणं. कुणी कपड्याच्या साबणाने धुतं, कुणी भांड्याच्या. मग यंत्राला जे सापडतं ते झाडाचं असतं की साबणाचं, ते कोण सांगणार?

पहिल्या नियमाचं मात्र त्याने पुढे तत्त्वज्ञानच करून टाकलं. तो म्हणतो, कुठल्याही घराची खरी परिस्थिती काढायची असेल तर मधल्या माणसाला गाठावं. पोरांना काही माहीत नसतं आणि म्हाताऱ्यांचं बोलणं आपल्या जुन्या दुखण्यांपलीकडे जात नाही. मधलं माणूस सगळ्यांना वाढतं, सगळ्यांचं ऐकतं, म्हणून खरं तेच सांगतं. झाडातही तसंच. नातेवाइकांची वर्गवारीही तो याच हिशेबाने करतो. जो चिडून कडेकडेने करपलेला असतो त्याला पालाश कमी. जो सगळीकडूनच फिका, त्याला नत्र कमी. मी लिहितो-बिहितो हे कळल्यावर त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं होतं आणि म्हणाला होता, "याला नत्र जास्त झालंय. पाला उदंड, फळाचा पत्ता नाही."

आता त्याच्या साडूंबद्दल सांगायला हवं. मामीच्या धाकट्या बहिणीचे यजमान त्याच शहरात खतांचं दुकान चालवतात. दुकान म्हणजे सहा प्रकारच्या पोत्यांचा किल्ला, आणि त्याच्या मधोमध हे स्वतः, सातव्या पोत्यासारखे. माणूस दिलदार, हाक मारली की धावून येणारा. पण गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत यांचं औषध तयार. हे टाका, तेही टाका, आणि उरलं तर परवा टाका. त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावतं: खाल्लं तर वाढेल. आणि आमच्या मामाचं आयुष्य "आधी तपासा, मग टाका" हे सांगण्यात गेलेलं. एकाच घरातल्या दोन बहिणी आणि दोघींचे नवरे असे. सासऱ्यांच्या घरी दोघं शेजारी शेजारी बसत, पण बोलणं सासऱ्यांमार्फत. "आबा, यांना सांगा, झाड म्हणजे पोतं नव्हे." "आबा, यांना विचारा, कागद चघळून कुणाचं पोट भरलंय का?" आबा ऐंशीच्या पुढचे. ते दोघांच्याही बोलण्यावर मान हलवत आणि मधूनच डुलकी काढत. मान हलतीच असल्यामुळे कुणाला फरक कळत नसे.

आबांची संत्र्याची बाग होती. दीडशे झाडं. मामीचं लग्न झालं त्या वर्षी त्यांनी ती लावली होती. घरातून एक माणूस गेलं तर दीडशे आणली, असा त्यांचा हिशेब. "आणि माझ्या लग्नाला काय केलं, तर विहीर गाळून घेतली," असं धाकटी अजून ऐकवते. मामी त्या बागेला बाग कधी म्हणतच नाही. ती म्हणते, माझ्या जागेवर आलेली.

तर या मामीच्या जागेवर आलेल्यांची चार वर्षांपासून काही धडगत दिसेना. फळ लिंबाएवढं होऊन थांबायचं. नवी पानं यायची ती अरुंद, बारीक, शिरा हिरव्या आणि मधे पिवळी, आजारी माणसाच्या नखांसारखी. साडूंनी झाडांभोवती पोत्यांवर पोती ओतली होती, तरी काही नाही. शेवटी आबांनी एके दिवशी दोन्ही जावयांना बोलावलं आणि शांतपणे सांगितलं की पानं तपासा. काही कमी निघालं तर ते देऊ. आणि काहीच कमी नसलं, तर झाडं माझ्यासारखी झाली असं समजू आणि तोडून टाकू. रिकामी जमीन तरी कुणाच्या कामाला येईल. पुढच्या महिन्यात करवतवाला या भागात येणार होता. त्याला सांगून ठेवलं होतं.

साडूंनी तिथंच एक पान तोडून म्हटलं, "आबा, तपासायला कशाला पाहिजे? झिंक कमी आहे. आंधळ्याला दिसेल." मामाने त्याच पानाकडे पाहून त्याचा काळजीचा "हं" केला होता. पण साडूंचं वाक्य कानावर पडल्याबरोबर तो "हं" त्याने गिळला आणि म्हणाला, "आबा, यांना सांगा, आंधळ्यानं झाडं तपासू नयेत म्हणूनच यंत्र आणलंय."

शनिवारी मामा नियमाप्रमाणे बागेत फिरला. पंचवीस झाडं निवडली, प्रत्येकाची चारही दिशांची चार पानं, सहा महिन्यांची, बिनफळाच्या फांदीची, खांद्याच्या उंचीची. बरोबर शंभर पानं कागदी पिशवीत घालून घरी आणली, कारण प्रयोगशाळेच्या पाण्याच्या टाकीचं काम निघालं होतं आणि ती थेट मंगळवारी उघडणार होती. पिशवी त्याने स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. इथं घोटाळा झाला.

मामीने पिशवी उघडून पाहिली. बागेजवळून नवीन रस्ता चालला होता, त्याची पांढरी धूळ पानापानावर बसली होती. मामीने एक पान बोटाने पुसलं, बोटाकडे पाहिलं आणि विचारलं, ही अशीच नेणार तुम्ही? मामाने सांगितलं की तिथं गेल्यावर धुतोच आम्ही. पण तिथं धुणार म्हणजे आधी तिथले लोक बघणार. तिथला शिपाई बघणार, बाई बघणार, आणि म्हणणार, यांच्या बायकोच्या माहेरची पानं बघा, केवढी मळकी. मामीच्या डोळ्यांपुढे हे सगळं उभं राहिलं. मामाने भिंतीवरच्या चौथ्या नियमाची आठवण करून दिली. मामी म्हणाली, तो नियम लोकांसाठी आहे. तुम्ही रोज तेच काम करता. तुम्ही घरी धुतलं तर ते घरी धुतलं कसं होईल? या युक्तिवादाला एकतीस वर्षांच्या नोकरीत उत्तर सापडलं नव्हतं. मामाने एवढंच बजावलं की साबण अजिबात नको.

साबण नाही, तर मग तुम्ही तिथं कशाने धुता, असं मामीने विचारलं. मामा बोलून गेला की साबणाचं पाणी तर असतंच, पण नंतर किंचित आंबट पाण्यातूनही काढतो, म्हणजे धुळीचा कण राहत नाही. तेवढं तिला पुरलं. तिने मोरीतली मोठी बादली घासली, पाणी भरलं, चार लिंबं पिळली आणि माहेरची शंभर पानं दुपारभर त्यात बुडवून ठेवली. संध्याकाळी एकेक पान काढून, निथळून, धुतलेल्या चादरीवर सावलीत पसरलं. मी गेलो होतो तेव्हा ती चादरीपाशी बसून पानं मोजत होती. इतकी स्वच्छ पानं त्या प्रयोगशाळेने जन्मात पाहिली नसतील.

आठवड्याने कागद आला. नत्र ठीक, पालाश ठीक, लोह ठीक. स्फुरद बरंच जास्त. आणि झिंक? पंचवीस असलं तरी झाडाला पुरतं. इथं निघालं एकशे दहा. बाईंनी मामाला विचारलंही की झिंकची फवारणी झाली होती का? मामाने नाही सांगितलं. "मग तुमच्या झाडांना भरपूर मिळतंय," बाई म्हणाल्या आणि खाली सही केली.

मामाने तो कागद आबांसमोर वाचून दाखवला. झिंकपाशी आला तेव्हा आवाज थोडा चढला, माणूसच आहे. मामा खूश होता, पण अर्धाच. कारण त्या अरुंद पिवळ्या पानांकडे बघून त्याचे स्वतःचे डोळे अजूनही तेच सांगत होते जे साडूंचे सांगत होते. पण कागदावर विश्वास ठेवायचा की डोळ्यांवर, हा प्रश्न एकटा नव्हता. डोळ्यांवर ठेवायचा तर साडूंवरही ठेवावा लागत होता. मामाने कागदावर ठेवला.

आबांनी कागद हातात घेतला, वाचता येत नव्हता तरी दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे कमी काही नाही. वय झालं." पुढच्या बुधवारी करवतवाला ठरला. मामी घरी आली आणि पानं वाळवलेली चादर तिने पेटीच्या तळाशी ठेवून दिली.

त्या बुधवारच्या आधीच्या रविवारी मामीची मोरीतली बादली गळायला लागली. बुडाशी सांध्यातून थेंब थेंब. मामाने ती उचलली आणि मला म्हणाला, तुझी गाडी आहे ना, चल, डाग देऊन आणू. पत्र्याची कामं करणाऱ्याचं दुकान बाजाराच्या टोकाला आहे. दारात रॉकेलच्या चिमण्या, नळकांडी आणि मोडके डबे यांचा ढीग. त्याने बादली उलटी करून पाहिली, मग सुलटी करून आत डोकं घातलं आणि आतूनच, घुमल्यासारख्या आवाजात म्हणाला, "डाग बसेल, पण टिकणार नाही. आतलं जस्त उतरलंय. आंबट काय ठेवलं होतं यात?"

मामा म्हणाला, "काय उतरलंय?"

"जस्त. जस्ताची बादली आहे ना ही? मग जस्तच उतरणार. लिंबू, ताक, असलं काही याला चालत नाही."

"उतरून गेलं कुठं?"

त्या माणसाने बादलीतून डोकं बाहेर काढलं आणि मामाकडे अशा नजरेने पाहिलं की बिचाऱ्याला ऊन लागलंय की काय. "पाण्यात. आणखी कुठं जाणार?"

मी मामाला लहानपणापासून पाहतोय. त्याचा तोपर्यंत न ऐकलेला असा एक "हं" मी त्या दिवशी ऐकला.

जस्त म्हणजे झिंक. आता हे मामाला माहीत नव्हतं असं नाही. पण प्रयोगशाळेत यंत्र झिंक छापायचं, बाई झिंक म्हणायच्या, साडूंच्या पोत्यावर झिंक लिहिलेलं असायचं. आणि घरी मोरीत जस्ताची बादली असायची. तो शब्द नोकरीवर जात होता, हा शब्द घरी राहत होता. एकतीस वर्षांत दोघांची एकदाही गाठ पडली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं कळसा काखेतही नव्हता, चांगला कडी धरून हातात होता. झाडांना जे मिळत नव्हतं ते मामीने प्रेमाने बादलीतून त्यांच्या पानांना लावलं होतं, आणि यंत्राने ते प्रामाणिकपणे मोजलं होतं.

मामा तिथल्याच एका उलट्या डब्यावर बसला. मला वाटलं, आता म्हणेल चल आबांकडे. पण त्याने बादली ओढून घेऊन आत डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "साडूंना सांगावं लागेल."

मी म्हटलं, साडूंना कशाला? आबांना सांग, नमुना बिघडला, पुन्हा तपासतो. झालं.

"अरे, आबा विचारतील, मग आता तुम्हाला काय वाटतं. मी काय सांगू? पुन्हा कागद येईपर्यंत मला काही वाटत नाही, असं? करवत बुधवारी येतेय आणि तपासायला पाच दिवस लागतात. झाडं वाचवायची तर आजच काहीतरी वाटायला पाहिजे, आणि मला वाटतं ते साडूंचंच." एवढं बोलून त्याने बादली उचलली. डाग न देताच आम्ही निघालो.

वाटेत घरी थांबून मामीला घेतलं. मामाने तिला दारातच सांगितलं, फार बोजा न देता, जसं दुधाचं सांगावं की नासलंय. मामीने बादलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. गाडीत ती मागे बसली आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली, जणू आता तिने ज्याला हात लावला ते बिघडेल.

आबांकडे पोचलो तर साडू तिथंच. तोडलेली लाकडं कुठं रचायची ते ठरवायला आबांनी त्यांनाच बोलावलं होतं. मामा नेहमीच्या जागी, त्यांच्या शेजारी बसला. बादली मांडीवर घेतली. आणि आयुष्यात पहिल्यांदा आबांना मधे न घेता, मान वळवून थेट साडूंना म्हणाला, "तुम्ही म्हणत होता ते बरोबर असावं. झिंकच कमी आहे. माझा नमुना चुकला."

"आबा" ही हाक ऐकू न आल्यामुळे आबांची डुलकी मोडली. मामाने मग सगळं सांगितलं. बादली दाखवली, आतला काळपट पडलेला पत्रा दाखवला. "नमुना माझ्या हातून बिघडला," असं तो शेवटी म्हणाला. तेव्हा दारातून मामी म्हणाली, "यांच्या हातून नाही. लिंबं मी पिळली. हे नको म्हणत होते."

आता साडू काय बोलतात याकडे माझं लक्ष. इतक्या वर्षांनी हातात आयतं सापडलेलं. मी असतो तर निदान महिनाभर पुरवून वापरलं असतं. जिंकायची सवय नसलेल्या माणसाच्या अंगावर जिंकणं एकदम येऊन पडलं की तो गांगरतो, तसं साडूंचं झालं. मग ते कसनुसं होऊन म्हणाले, "नाही, म्हणजे, मी सगळंच कमी आहे म्हणत असतो हो. त्यात एखादं बरोबर निघणारच."

आबा हसायला लागले. त्यांचं हसणं खोकल्यात गेलं, खोकला पाण्यात गेला, आणि पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "पण करवतवाल्याला काय सांगायचं? तो आता गेला तर तीन महिने फिरकत नाही. आणि पुन्हा तपासल्यावरही काही निघालं नाही तर?" त्यांनी मामाकडे पाहिलं. "यंत्र राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?"

मामाने एकतीस वर्षांत यंत्राचा कागद येण्याआधी कुठल्याही बागेच्या मालकाला काही सांगितलं नव्हतं. तो उठला, अंगणाला लागून असलेल्या बागेच्या कडेच्या झाडापर्यंत गेला, खांद्याच्या उंचीवरचं एक पान धरलं, उलटं केलं, मग शेंड्याचं बारीक पान पाहिलं. परत आला. म्हणाला, "झाडं म्हातारी नाहीत, आबा. उपाशी आहेत."

"करवतवाल्याला मी सांगतो," साडू उठत म्हणाले. "त्याला मी काय वाटेल ते सांगू शकतो. धंदाच आहे माझा."

सोमवारी दुसरा नमुना घेतला. मामा पानं काढत होता, साडू कागदी पिशवी धरून होते, आणि मामी बागेच्या टोकाला हात मागे बांधून उभी होती. तिने पानाच्या दिशेने एक पाऊल टाकलं की दोघं जावई एकदम तिच्याकडे बघत. पिशवी धुळीने माखलेल्या पानांसकट थेट प्रयोगशाळेत गेली. बाईंना मामाने बादलीची सगळी हकिगत सांगितली. बाई म्हणाल्या, मला विचारायला हवं होतं की बादली कसली होती. मी नुसतं फवारणीचं विचारलं. तेवढ्यावर त्यांनी ते संपवलं. फार सभ्य बाई आहेत.

शुक्रवारी कागद आला. झिंक अकरा. स्फुरद पहिल्यासारखंच, अति.

यातली एक गोष्ट मला मामाने पुढे कितीतरी दिवसांनी सांगितली. जमिनीत स्फुरद उगाच फार साठलं की झाडाला झिंक उचलता येत नाही; असलेलंही मिळत नाही. आणि ते स्फुरद साडूंच्याच पोत्यांतून गेलेलं होतं, आठ वर्षं, भरभरून. म्हणजे साडूंनी रोग बरोबर ओळखला होता, कारण तो त्यांनीच दिला होता. हे वाक्य मामाच्या जिभेवर तयार होतं. आबांसमोर कागद वाचताना तो त्या ओळीपाशी थांबला. साडू शेजारी बसून वाट बघत होते. मामाने कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "स्फुरद तीन वर्षं बंद ठेवू. झाडांना पुरे झालंय." साडू काही मूर्ख नाहीत. ते कागदाकडे बघत राहिले, मग आपल्या चपलांकडे, आणि जाताना त्यांनी रविवारपासून आबांकडेच राहिलेली ती गळकी बादली मामाच्या हातून घेऊन स्वतः गाडीपर्यंत नेली.

झिंकची फवारणी नव्या पालवीवर झाली, दोन वेळा. पंप साडूंनी दिला, औषधाचं माप मामाने केलं, आणि एकदाही "आबा, यांना सांगा" असं कुणी म्हणालं नाही. आबांना मात्र करमेनासं झालं. मधे पडायला काही उरलं नव्हतं. पुढच्या पालवीला पानं आली ती आबांच्या तीन बोटांएवढी रुंद. त्यातलं एक आबांनी उशाखाली ठेवलं. फळ धरायला आणखी एक वर्ष गेलं. यंदाच्या तोडणीला मामीने पहिलं संत्रं सोलून साली नाकाशी धरल्या आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. ते कसं लागतं म्हणून मामाने विचारलं तर म्हणाली, तुम्ही आधी यंत्राला विचारून या.

साडूंचं दुकान तसंच आहे. पोती तेवढीच, सातवं पोतं मधोमध. फक्त हल्ली गिऱ्हाईक आलं की ते म्हणतात, आधी आमच्या साडूंकडे पान दाखवून या. आणि ते निघालं की मागून हाक मारून सांगतात, "जाताना बादली नेऊ नका."

मामाने मधे पुन्हा निळा रंग आणला होता. भिंतीवरच्या चौथ्या नियमाखाली, जिथं दोन रेघा होत्या, तिथं त्याने एक ओळ वाढवली: माहेरचा असला तरी. येणारा प्रत्येक माणूस ती वाचून विचारतो, हे काय? मग मामा काम सोडून सगळी हकिगत सांगतो, आणि स्वतःचा भाग अजिबात कमी करत नाही. बाईंची तक्रार आहे की त्यामुळे दळण मागे पडतं.

परवा मामा डबा विसरला म्हणून मामी तो द्यायला गेली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिने ती भिंत पाहिली. चारही नियम वाचले, खालची ओळ दोनदा वाचली आणि डबा मामाच्या हातात देत म्हणाली, "नमुना माझ्या माहेरचा होता, कबूल. पण बादली तुमच्या आईनं दिलेली. तेही लिहा."

उरलेल्या रंगात तेवढं बसलं.